नवतप्यातली थंड बिस्किटं

अमेरिकेहून आलेल्या भाचीनं तिचा हिरवा खोका मोठ्या कौतुकानं उघडला, तर आत दोन लाटणी निघाली.

काळी, आखूड, गुळगुळीत. जवळून पाहिलं तर अंगावर गोल गोल वळ्या दिसत होत्या, त्यामुळे ही पूर्वाश्रमीची बिस्किटं असावीत एवढं ओळखता येत होतं. नागपूरच्या विमानतळापर्यंत ती सुटी सुटीच असणार, कारण विमानात एसी असतो. पुढचे साठेक किलोमीटर बॅग गाडीच्या डिक्कीत होती, तारीख २६ मे होती आणि नवतप्याचा दुसरा दिवस होता. सूर्य रोहिणीत शिरला की नऊ दिवस आमच्याकडे माणसंसुद्धा एकमेकांना चिकटायला बघत नाहीत. बिस्किटांनी तेवढं भान ठेवलं नाही. भंडाऱ्याला तलावांचा जिल्हा म्हणतात, पण मे महिन्यात त्यातले बरेचसे तलाव आम्ही नकाशातच पाहतो.

"काय होय वो हे?" सासूबाईंनी एक लाटणं हातात घेऊन विचारलं, आणि हाताचा ठसा उमटलेलं परत केलं.

भाची बारा वर्षांची. ती रडली असती तर मी आइस्क्रीमवर निभावून नेलं असतं. पण तिनं रडू गिळलं, आणि "इट्स ओके मामी" म्हणाली. ते मला लागलं. मी म्हणाले, "त्यात काय, घरी करू."

"घरी करू" या दोन शब्दांनी आमच्या घरात आजवर एक मिक्सर, दोन कुकरच्या शिट्या आणि माझी बरीचशी प्रतिष्ठा घालवली आहे. पण ते मला नेहमी बोलून झाल्यावर आठवतं.

भाचीनं मग त्या बिस्किटांची कुळकथा सांगितली. ही तिनं स्वतः दारोदार जाऊन विकलेली बिस्किटं. तिकडे गर्ल स्काउट मुली दरवर्षी बिस्किटं विकून आपल्या तुकडीचा खर्च काढतात. प्रथा जुनी, १९१७ सालची. ओक्लाहोमातल्या मस्कोगी नावाच्या गावच्या मुलींनी घरी भाजलेली बिस्किटं शाळेत विकली, तिथून सुरुवात. १९२२ साली त्यांच्या मासिकात पाककृतीच छापून आली: सहा-सात डझन बिस्किटांना खर्च २६ ते ३६ सेंट, विका डझनाला २५-३० सेंटना. म्हणजे डझनभर बिस्किटांत सगळा खर्च जवळजवळ वसूल आणि बाकीचे पाच डझन निव्वळ नफा! आता ती कारखान्यात होतात. त्यातलं सगळ्यात लाडकं हे: कोकोचं पातळ कुरकुरीत बिस्कीट, त्यात पेपरमिंट, वरून चॉकलेटचं पांघरूण. लोक म्हणे खोकेच्या खोके घेऊन फ्रीझरमध्ये ठेवतात आणि गोठवून खातात.

"म्हणजे आपली खरी कमाई," मी म्हणाले. तिला कळेना. तिला सांगितलं की आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेतही स्काउट-गाइडची 'खरी कमाई' असायची. आम्ही मुली भेळ आणि आलुबोंडे विकायचो, आणि दरवर्षी सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे आमचे आम्हीच. हिशेब झाला की गुरुजी उरलेले साडेतीन रुपये टेबलावर मांडायचे आणि बराच वेळ त्यांच्याकडे बघत बसायचे.

तर सुरुवात बिस्किटांपासून. आमच्या लहानपणी बिस्किटं घरी होत नसत, भट्टीवर होत. रवा, मैदा, डालडा, पिठीसाखर आणि रिकामा पत्र्याचा डबा घेऊन आई आम्हाला बेकरीवर पाठवायची. किलोप्रमाणे मजुरी. तिथे ओळीनं बसलेल्या बाया आपलाच डालडा आपल्याच बिस्किटांत पडतो आहे ना, यावर डोळा ठेवून असायच्या. घरात छोटा ओव्हन आला आणि ही सगळी पाळत संपली.

पाककृतीचं पहिलंच वाक्य, 'ओव्हन आधी १८० अंशांवर तापवून घ्या.' आमचं स्वयंपाकघर अर्ध्या वाटेवर होतंच. दुसरं वाक्य, 'लोणी खोलीच्या तापमानाचं असावं.' मी लोणी ओट्यावर काढलं, कोकोचा डबा आणायला फडताळाकडे वळले, परत आले तर लोणी नव्हतं. तूप होतं. पुन्हा फ्रिजमध्ये घालून त्याला माणसात आणलं. मैदा, कोको, साखर, लोणी मळून गोळा केला, पातळ लाटला, चहाच्या वाटीनं चकत्या पाडल्या. चकत्या भाजून छान खुटखुटीत निघाल्या. हा सगळ्या प्रकारातला एकमेव भाग जो सांगितल्याप्रमाणे झाला, त्यामुळे त्याच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

आता पेपरमिंट. सासूबाईंनी परसातला पुदिना पुढे केला. त्यांचं म्हणणं, पुदिना तो पुदिना. माझंही तेच म्हणणं होतं, पण वाचल्यावर कळलं की दोन चुलत बहिणी आहेत, स्वभाव वेगळे. आपला चटणीतला पुदिना वासाला गोडसर हिरवा, त्यात कार्व्होन असतं. जीभ गार करणारं मेंथॉल त्यात नावालाच. ते वेगळ्या पुदिन्यात भरपूर असतं, आणि त्याची शेती उत्तर प्रदेशात बाराबंकीच्या बाजूला एवढी मोठी की मेंथॉलच्या बाबतीत भारत जगात पहिला. म्हणजे अमेरिकेतल्या थंडाव्याचं माहेर आपल्याच देशात कुठेतरी सापडण्याचा संभव. पण अमेरिकेच्या बिस्किटात जाण्यापूर्वी तो भंडाऱ्यात कुठे मिळतो?

पानठेल्यावर मिळतो. विड्यावर जे पांढरं पिपरमेंट टाकतात, ते मेंथॉलच. ह्यांना सोबत घेऊन मी ठेल्यावर गेले. ठेलेवाले भाऊ हातानं खर्रा घोटत होते. "पिपरमेंट पाहिजे," मी म्हणाले.

"पान कोनतं? कलकत्ता का बनारस?"

"पान नको. नुसतं पिपरमेंट."

खर्रा घोटणारा हात थांबला. त्यांनी आधी ह्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "कशात टाकता?"

"बिस्किटात."

ठेल्यावरच्या बाकड्यावर बसलेली चार माणसं एकदम आमच्याकडे वळली. भाऊंनी कागदाच्या पुडीत सुयांसारखे सात-आठ खडे दिले, वर सांगितलं, "वहिनी, जपून. याचा हात आवरता पाहिजे." पैसे घेतले नाहीत. त्यांना बहुतेक ह्यांची दया आली.

हात आवरला नाही. त्यातले तांदळाच्या दाण्याएवढे सात खडे मी पुढच्या गोळ्यात घातले, कारण पुडीत ठेवले तर उडून जातील अशी मला भीती. मेंथॉल बेचाळीसेक अंशांवर वितळतं, आणि त्या दुपारी गच्चीवरचा काटा चव्वेचाळिसावर होता. पुडीतले खडे घामेजलेले मी स्वतः पाहिले. घाणा ओव्हनमध्ये गेला आणि पाच मिनिटांत अख्ख्या घराचं नाक मोकळं झालं. मांजर उठून शेजारी गेलं.

सासूबाईंनी पहिलं बिस्कीट तोंडात टाकलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. आधी काही झालं नाही. मग भुवया वर गेल्या. मग तोंड उघडलं, आणि त्यांनी हवा आत ओढली, ते बंद करायला विसरल्या.

"डोऱ्यातून पानी आलं ना वो माय," त्या शेवटी म्हणाल्या. "हे त् अमृतधारा होय!"

निदान अचूक होतं. कापूर, ओव्याचं फूल आणि पुदिन्याचं फूल एकत्र केलं की ज्याचं आपोआप पाणी होतं ते अमृतधारा. आणि पुदिन्याचं फूल म्हणजे हेच. गंमत अशी की बिस्कीट जराही गार नसतं. जिभेत थंडी ओळखणारा एक दरवाजा असतो, मेंथॉल येऊन तो नुसता वाजवतं आणि मेंदूला वाटतं पाहुणा आला. हा दरवाजा ज्यांनी शोधला त्या डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पाटापुटियन या दोघांना २०२१ सालचं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं, ते शरीराला उष्णता, थंडी आणि स्पर्श कसे कळतात या एकंदर कामासाठी. आमच्या ठेलेवाल्या भाऊंना त्यातलं थंडीचं प्रकरण आधीपासून ठाऊक आहे. त्यांनी फक्त कुठे लिहून पाठवलं नाही.

तो घाणा बाजूला ठेवला. दुसऱ्यात अर्धा खडा. भाचीनं चाखून मान डोलावली: "ऑलमोस्ट."

आता राहिलं चॉकलेट. इथे मी थोडी मोठाई केली. बेकरीचं सामान विकणाऱ्या दुकानदारानं सरळ सांगितलं होतं, "ताई, कंपाउंड घ्या, उन्हाळ्यात सगळे तेच घेतात." कंपाउंडमध्ये कोकोचं लोणी नसतं, घट्ट वनस्पती तूप असतं, वितळवा, बुडवा, झालं. पण त्याचा टाळूला मेणचट थर बसतो. मी म्हणाले, नको, अस्सल द्या. दुकानदारानं अस्सल दिलं, आणि जाताना माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं जशी लोक नवतप्यात दुपारी दोनला चालत निघालेल्या माणसाकडे पाहतात.

अस्सल चॉकलेटची कटकट अशी, की त्यातल्या कोकोच्या लोण्याला गोठायच्या सहा तऱ्हा येतात आणि त्यातली पाचवी तेवढी आपल्याला हवी असते. ती जमली तर चॉकलेट चकाकतं, मोडताना टक्‌ वाजतं आणि चौतीसेक अंशांवर, म्हणजे तोंडात गेल्यावरच, विरघळतं. इतर तऱ्हांनी गोठलं तर मऊ, मळकं, वर पांढरे डाग. पाचवी तऱ्हा साधण्याची रीत: आधी ४५ अंशांपर्यंत तापवा, मग २७पर्यंत निववा, मग पुन्हा ३१-३२वर आणा आणि तिथेच धरून ठेवा.

पहिली पायरी दुकानातून घरी येईतो स्कूटीच्या डिक्कीत पार पडली होती. गॅस वाचला.

दुसऱ्या पायरीला तापमापक हवा. घरात ताप बघायचा होता, नवा, डिजिटल. धुऊन पुसून तो चॉकलेटमध्ये खोचला. तो बीप करून म्हणाला, 'हाय'. मी नमस्कार करणार होते, इतक्यात भाचीनं सांगितलं की हे त्याचं 'माझ्या हिशेबाबाहेर' असं म्हणणं आहे. हे यंत्र माणसासाठी बनलेलं. साधारण ३२च्या खाली गेलं की 'लो' दाखवतं, ४३च्या वर 'हाय'. चॉकलेटला तर नेमकं बत्तिसाच्या खालीच काम. म्हणजे चॉकलेटला ताप आहे एवढं ते सांगू शकत होतं, बरं कधी वाटेल ते नाही. शेवटी ह्यांनी खताच्या दुकानातून दिवाळीला मिळालेला, भिंतीवरचा लाल काट्याचा तापमापक उतरवला, त्याच्या लाकडी पाटीवरची लक्ष्मी बाजूला केली आणि नळी धुऊन दिली.

त्यानं ३९ दाखवले. गॅस बंद होता, पंखा फुल होता.

हे म्हणाले कूलर लावू. आमच्या विदर्भात उन्हाळ्याच्या कुठल्याही प्रश्नाचं उत्तर कूलर असतं. कूलर लावला. पाच मिनिटांत दमट गार झोत आला, आणि त्यासोबत ताट्यांवरून उडालेला पाण्याचा एक थेंब. चॉकलेटमध्ये पाण्याचा थेंब पडला की त्यातली साखर ओली होऊन एकमेकीला धरते आणि अख्ख्या ऐवजाचा चिखल होतो. झाला. खेरीज ओट्यावर पसरून ठेवलेली खुटखुटीत बिस्किटं त्या दमट हवेत पंधरा मिनिटांत सादळून पापडासारखी वाकली. कूलर बंद केला तर चॉकलेट वितळतं, लावला तर बिस्किटं सादळतात. या पेचात मी खुर्चीवर बसले आणि पन्हं प्यायले.

फ्रिजमध्ये ठेवून पाहिलं. गोठलं, पण बाहेर काढल्याबरोबर त्याला घाम फुटला, आणि घाम वाळल्यावर पांढरी पुटं आली. सासूबाई म्हणाल्या बुरशी आली. बुरशी नव्हे ती, साखर विरघळून वर येऊन वाळते, हे मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, आणि मग म्हणाल्या, "मी सांगतो तुले. माठात ठेव."

मी हसले. पन्नास वर्षं त्या बाईनं दही, ताक, लोणी, पानं, अळू सगळं माठाच्या आसऱ्यानं जगवलं आहे आणि मी हसले. त्यांनी माझी वाट पाहिली नाही. माळ्यावरून कल्हई केलेला पितळेचा गंज उतरवायला लावला. भंडाऱ्याचं नाव 'भाना' म्हणजे पितळी थाळी, त्यावरून पडलं असं सांगतात. घरोघरी पितळ होतं, ते आता स्टीलनं माळ्यावर धाडलं. गंजात नवं चॉकलेट वितळवलं, आणि तो गंज माठातल्या पाण्यानं भरलेल्या टोपात बुडणार नाही असा ठेवला. मी आपली सहज म्हणून माठात लक्ष्मीछाप तापमापक सोडला.

सव्वीस.

बाहेर चव्वेचाळीस, घरात एकोणचाळीस, आणि कोपऱ्यात ओल्या गोणपाटावर बसलेल्या मातीच्या माठात सव्वीस. हवा जेवढी कोरडी तेवढं माठाच्या अंगातून झिरपलेलं पाणी जोरात उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. म्हणून नवतप्यात माठ सगळ्यात फॉर्मात असतो. पितळही स्टीलपेक्षा कितीतरी चटकन उष्णता सोडतं. सासूबाई सांडशीनं गंज धरून उलथन्यानं हलवत बसल्या. काटा पस्तीस, तीस, अठ्ठावीस, सत्तावीस. तिथे त्यांनी गंज उचलला, बाहेरच्या हवेत दोन मिनिटं धरला, आणि पारा आपोआप एकतिसावर आला. शेवटच्या पायरीला गॅस लावायचीही गरज पडली नाही. आमची हवा एका कामाला तरी उपयोगी पडली.

पण बिस्किटं बुडवून सुकायला ठेवायची कुठे? घरात एसी एकच, झोपायच्या खोलीत. तो आणि ओव्हन एकदम लावले की मेन स्विच पडतो, दुपारी व्होल्टेजही जातं. म्हणून पहाटे चारचा मुहूर्त काढला. ह्यांना गादीसकट गच्चीवर पाठवलं. पलंगावर धुतलेली चादर, तिच्यावर बटर पेपर, एसी २२वर, दार बंद, आणि दाराला तळाशी टॉवेल. मी बिस्कीट काट्यावर धरून बुडवायचं, गंजाच्या कडेवर दोनदा आपटून जास्तीचं निथळवायचं, भाचीनं ते पलंगावर उतरवून घ्यायचं, आणि सासूबाईंनी माठाजवळ बसून गंजाचा पारा सांभाळायचा. बारा वर्षांपूर्वी याच पलंगावर कुरडया वाळवल्या होत्या, त्यानंतर एवढी गंभीर शांतता त्या खोलीत मी पाहिली नव्हती.

साडेपाचला भाचीनं पहिलं बिस्कीट उचललं. चकाकत होतं. तिनं ते मोडलं.

टक्‌.

सासूबाईंनी माठाजवळून विचारलं, "फुटलं का?" फुटलं म्हणून ओरडून सांगितलं. गच्चीवरून ह्यांनी काय फुटलं म्हणून विचारलं.

एकूण त्रेपन्न झाली. त्यातली अठरा आम्ही उभ्या उभ्या खाल्ली. उरलेल्या पस्तिसांची भाचीनं तिथल्या तिथे खरी कमाई लावली: फाटकाजवळ स्टूल, त्यावर डबा, डब्याखाली बर्फाची पिशवी, मागे पुठ्ठ्यावर 'एक बिस्कीट पाच रुपये' असं तिच्या मोठ्या, जपून काढलेल्या मराठी अक्षरांत. वेळ सकाळची सहा, गिऱ्हाईक खांबतलावाकडून फिरून येणारी मंडळी. पावणेसातपर्यंत चोवीस गेली. सातला ऊन फाटकापर्यंत आलं. पुढची अकरा वाटीत घालून चमच्यासकट द्यावी लागली, पण भावात तिनं कमी केलं नाही. १७५ रुपये झाले. मी आयुष्यभरात शाळेत एवढे कमावले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक आजोबा फाटकाशी येऊन थांबले. मी म्हटलं संपली, पुन्हा रविवारी करणार आहोत. ते म्हणाले, ही नाही, ती द्या. तुमच्या सासूबाईंनी काल आमच्या घरी दिली ती, नाक मोकळं करणारी. त्यानंतर आतापर्यंत सहा जण येऊन गेले आणि सहाही जणांना तीच हवी होती. चकाकणाऱ्या, टक्‌ वाजणाऱ्या बिस्किटांची चौकशी कुणी केली नाही.

त्या पहिल्या घाण्यातली अजून नऊ उरली आहेत. त्यांना चॉकलेट लावलेलं नाही, त्यामुळे ती वितळत नाहीत, कोणत्याही वेळी आलात तरी चालेल. फक्त डबा सोबत आणा, आणि आमच्या डब्यात हात घालण्याआधी चष्मा काढून ठेवा.